टाच मोडली : विरघळणारा स्क्रू की धातूची प्लेट?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मुर्धा गावातले एक गृहस्थ घराची कौले चाळताना शिडीवरून थेट टाचांवर पडले. उजवी टाच मोडली. घरच्यांनी दोन दिवस लेप लावला, तेलाने चोळले, आणि पाय टम्म सुजल्यावर माझ्याकडे आणले. शस्त्रक्रिया लागेल म्हणताच त्यांची मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाबांच्या पायात लोखंड नको. विरघळणारे स्क्रू मिळतात ना? पैसे जास्त पडले तरी चालतील."

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, म्हणून आज त्याविषयी.

टाचेचे हाड बाहेरून पातळ कवचाचे आणि आतून पावासारखे जाळीदार असते. उंचावरून पडल्यावर घोट्याचे हाड त्यात पाचरीसारखे घुसते. टाच बुटकी आणि रुंद होते. मधला सांधा बिघडला, तर मिठागराच्या बांधावरून किंवा खडबडीत वाटेवरून चालणे कायमचे अवघड होऊन बसते. (असा पडलेला माणूस कंबर दुखते म्हणाला, तर मणक्याचाही एक्स-रे काढावा.) तुकडे जागच्या जागी असतील, तर शस्त्रक्रियेची गरजच नसते.

विरघळणारे साहित्य काही नवे नव्हे. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे १९८४ साली घोट्याच्या मोडीसाठी ते वापरले गेले. विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे असतात, त्याच कुळातले हे. शरीरात हळूहळू त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. सुरुवातीच्या प्रकारांचे बळ महिना-दीड महिन्यात ओसरे आणि काही रुग्णांच्या जखमेतून पाणी वाहत राही. नंतरचे पॉलिलॅक्टिक आम्लाचे स्क्रू बरेच महिने तग धरतात. मात्र पूर्ण नाहीसे व्हायला त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

मग टाचेत अडचण कसली? विरघळणारी प्लेट धातूइतकी बळकट करायची, तर ती जाड करावी लागते, आणि टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नसतेच. दोन-तीन मोठे तुकडे असतील, तर विरघळणारे स्क्रू चालू शकतात. चुरा झालेल्या टाचेला मात्र मी तरी धातूची पातळ प्लेटच पसंत करतो.

खरे सांगायचे, तर त्या गृहस्थांबाबत मला प्लेटपेक्षा कातडीची काळजी अधिक होती. त्यांना मधुमेह, त्यात दिवसभर तोंडात तंबाखू. अशा माणसाची टाचेवरची जखम उकलते, पू होतो, आणि मग आतले साहित्य धातूचे की विरघळणारे, याला अर्थ उरत नाही. म्हणून पाय उंच ठेवून, साखर आटोक्यात आणून, कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत आम्ही थांबलो. त्याला अकरा दिवस लागले. तंबाखू सोडवायला मुलीने जे केले, ते मला कोणत्याही औषधाने जमले नसते.

टायटेनियमची प्लेट बसवली. तीन महिने पाय टेकू दिला नाही. आता ते बाजारापर्यंत चालत जातात. सकाळी पहिली काही पावले टाच आखडते, एवढेच.

प्लेट कधी काढायची, असे मुलीने परवा विचारले. चपलेला घासत नसेल, दुखत नसेल, तर ती काढावी लागत नाही.