वारुळावरची अळंबी : आधी ओळखा, मग शिजवा

आषाढ-श्रावणात पावसाने जोर धरला की वारुळांवर, जुन्या बांधांवर आणि झाडीत अळंबी उगवते. घरात कालवणाचा बेत ठरतो. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या काही छत्र्या विषारी असतात. म्हणून ओळख पक्की हवी.

ही अळंबी म्हणजे वाळवीची शेतीच. वाळवी पालापाचोळा, वाळके लाकूड चावून आणते, जमिनीखाली त्याची पोळी रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. पावसाळ्यात तीच बुरशी वर छत्री काढते. वाळवीवाचून ती वाढत नाही. म्हणून धिंगरीसारखी पेंढ्यावर पिकवता येत नाही.

मोठ्या जातीच्या खुणा अशा :

१. छत्रीच्या मध्यभागी टोक असते.

२. देठाखाली निमुळती होत जाणारी लांब मुळी थेट वाळवीच्या पोळ्यापर्यंत जाते. एक छत्री भोवतीची माती सारून मुळासकट काढून पाहा.

३. छत्रीखालच्या पाकळ्या पांढऱ्या, पुढे किंचित गुलाबी होतात. छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर वाटीखाली झाका. सकाळी गुलाबीसर भुकटी पडलेली दिसेल.

थव्याने येणाऱ्या बारीक जातीला मुळी नसते. ती जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता टाळायच्या छत्र्या. गवतात, कुरणात येणारी, अंगावर तपकिरी खवले, देठावर कडे आणि पाकळ्या हिरवट होत जाणारी छत्री खाल्ल्यास काही तासांतच उलट्या-जुलाब सुरू होतात. देठाच्या बुडाशी वाटीसारखे वेष्टण असलेली छत्री तर मुळीच घेऊ नका. तिच्यातल्या काही जाती जीवघेण्या आहेत. त्यांचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, मध्येच बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसूण रंगला नाही, किड्यांनी खाल्ली म्हणजे चांगली, हे समज खोटे आहेत. शिजवल्यानेही हे जीवघेणे विष जात नाही.

शंका आली तर टाकून द्या. त्रास झाला तर थोडे बरे वाटले तरी थांबू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणि काढताना वारूळ फोडू नका. आतले पोळे शाबूत राहिले, तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच अळंबी मिळण्याची आशा राहील.