चावी कुणाच्या हातात?

माझी आत्या दिघाशीची. भिवंडी तालुक्यातलं हे गाव. तिच्या पुतण्याच्या लग्नाला गेले होते. वरातीसाठी पोरांनी एक लालभडक स्पोर्ट्स कार भाड्यानं आणली होती. दोनच दारं, दोनच सीट, आणि बुटकी तर इतकी, की शेजारी उभं राहिलं तर टप आपल्या कंबरेशी. सगळी तरुण मंडळी तिच्याभोवती फोटो काढण्यात दंग.

आत्या पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "मला बसव ना रे एकदा."

हशा पिकला. "आत्या, तुझे गुडघे बघ!" "उठवायला क्रेन लागेल!" आणि मग ते ठरलेलं वाक्य, "आता या वयात?"

एकसष्ट वर्षांची आत्याही हसली, पण मागे हटली नाही. ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं शेजारच्या नव्हे, स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं. आत्या दोन मिनिटं दोन्ही हात चाकावर ठेवून बसली. गाडी बंदच होती. उतरल्यावर मला हळूच म्हणाली, "समोरचा रस्ता आपलाच वाटतो गं."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पन्नाशीच्या पुरुषानं बुलेट घेतली, तर आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. बाईनं उतारवयात हौस करायची, तर साडी, फार तर चारधाम. वेगाची, वाऱ्याची हौस तिला असू शकते, हे कुणाच्या मनातच येत नाही. कधी कधी तिच्या स्वतःच्याही नाही.

स्पोर्ट्स कार म्हणजे करोडोंचाच मामला असंही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची छोटी दोन सीटची गाडी तयार व्हायला लागली होती. फायबरग्लासची बॉडी, बाराशे सीसीच्या आतलं रेनॉचं इंजिन. ताकद बेताचीच, पण टप काढून वारा खात फिरण्याची मजा पुरेपूर. ती फार चालली नाही, आता ती बनतही नाही. पण गंमत पैशात नसून गाडीच्या घडणीत असते, हे तिनं दाखवलं. गाडी खाली बसलेली, म्हणून वजन जमिनीलगत राहतं आणि वळणावर ती रस्ता धरून ठेवते.

मला तर दोन सीटचं फार कौतुक वाटतं. एरवी बाई गाडी शिकली, की लगेच कामं मागे लागतात. जाता जाता मुलांना सोड, येताना तांदळाचं पोतं आण, सासूबाईंना दवाखान्यात ने. दोन सीटच्या गाडीत पोतं मावत नाही आणि पाच माणसंही मावत नाहीत. ती गाडी फक्त फिरायला जायची असते.

आता जरा इतिहासात जाऊ. जर्मनीच्या कार्ल बेंझनं १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, हे आपण शाळेत वाचतो. पण लग्नाआधीच स्वतःच्या हुंड्याचे पैसे त्याच्या धंद्यात घातले होते ते बर्था बेंझनं. पेटंट मात्र नवऱ्याच्या नावावर. गाडी कुणी विकत घेईना, तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन निघाली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या माहेरी पोचली. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं बसवून घेतलं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला, तोही माहेरी जायला!

पैसा बाईचा, नाव दुसऱ्याचं. ओळखीचं वाटतं ना?

आमच्या भिवंडीकडे गोदामं आली, मोठे रस्ते आले. शेतांना भाव आला, दारात गाड्या आल्या. व्यवहाराच्या वेळी लेकीबाळींना सही करायला बोलावणं येतं. हक्कसोडपत्रावर सही झाली, की साडीचोळी, गोडाधोडाचं जेवण, आणि लेक आपल्या घरी. पुढच्या वर्षी भाच्याच्या दारात नवी कोरी गाडी उभी असते आणि आत्या तिच्या मागच्या सीटवर बसून कौतुक करते. कौतुक करू नये असं मी म्हणत नाही. पण सही करताना कागद वाचला होता का?

हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटण्या मात्र तशाच राहतात. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी, म्हणून सहीआधी वकिलाला विचारा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे बाईला मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. भावाशी भांडा असं नाही. सोडायचंच असेल तर आपण काय सोडतोय ते कळून सोडा.

आणि पैसे हाती आलेच, तर आधी औषधपाण्याची आणि म्हातारपणाची सोय. मग हौस. पण हौसेचा खण रिकामा ठेवू नका.

"पण या वयात शिकता येईल?" का नाही! लायसन्सला वरच्या वयाची मर्यादा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो, एवढंच. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. पंचावन्ननंतर ते पाच पाच वर्षांसाठी मिळतं. शिकताना शेजारी लायसन्सवाला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे लाल 'एल'.

बुटक्या गाडीत बसायची युक्तीही आहे. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट. गुडघे कुरकुरत नाहीत. खेड्यातल्या गतिरोधकांवर मात्र अशा गाडीचं पोट घासतं, तिथे तिरकं आणि सावकाश जायचं. आणि वेगाचं म्हणाल, तर गाडी तीनशेनं पळणारी असली तरी समृद्धी महामार्गावरही कारला ताशी १२० किलोमीटरचीच मर्यादा आहे. मजा आकड्यात शोधायची नाही.

वयाचंच म्हणाल, तर साताऱ्याकडच्या सुरेखा यादव बघा. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मार्च २०२३ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी सोलापूरहून मुंबईला 'वंदे भारत' आणली. आणि जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला जे विमान आणलं, त्याची आठवण म्हणून १९८२ मध्ये पुन्हा तसंच छोटं विमान त्याच वाटेनं उडवलं. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना कुणी म्हणालं असेल का, 'आता या वयात?'

परवा आत्याचा फोन आला. पुतण्याच्या जुन्या गाडीवर ती रविवारी मोकळ्या रस्त्यावर शिकते आहे. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उड्या मारते म्हणे. लाल गाडी घेणं तिला कधी जमेल की नाही, देव जाणे. भाड्याची तरी एकदा स्वतः चालवीन, म्हणते.

मग जरा थांबून म्हणाली, "अगं, मी मागे सही केली होती ना, तो कागद मला एकदा वाचायचाय. येशील का?"

येत्या रविवारी मी दिघाशीला चालले आहे. कागद वाचून झाला, की तिच्या शेजारच्या सीटवर बसणार आहे.