हवेला वाट दाखवणारी पेटी

देवीच्या रोगाचा निसर्गतः लागण झालेला अखेरचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला. रोग संपला असे वाटत असतानाच ऑगस्ट १९७८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातील छायाचित्रकार जॅनेट पार्कर यांना देवी आल्या. ११ सप्टेंबरला त्या वारल्या. त्यांचे काम कॅमेऱ्याचे, विषाणूंचे नव्हे. पण त्यांच्या खोलीखालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूंवर संशोधन चाले! नळ वर नेणाऱ्या पोकळ मार्गातून हवेबरोबर विषाणू वर गेला असावा, असे चौकशी समितीला वाटले. न्यायालयात मात्र ते सिद्ध झाले नाही.

हवा कुठून कुठे जाईल हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. स्वयंपाकघरातला गॅस बंद करा, खिडक्या लावा, धूर बाहेर फेकणारा पंखा सुरू करा आणि किलकिल्या दाराशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जाईल. धोकादायक जंतूंच्या प्रयोगशाळेत हेच करतात. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवला, की दार उघडले तरी हवा आतच शिरते.

पण मग आत काम करणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी पुढून थोडी उघडी अशी काचेची पेटी असते. तिच्या तोंडातून हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत जाते. आपण चालतो ते याच्या दुपटीहून अधिक वेगाने! म्हणून पाठीमागून कोणी भरभर गेले किंवा हात झटकन बाहेर काढला, तर हा हवेचा पडदा फाटतो. तेथील माणसे हात सावकाश हलवतात ती उगीच नव्हे.

पेटीतली हवा गाळूनच सोडतात. गाळणी म्हणताच विद्यार्थी पिठाची चाळण डोळ्यांपुढे आणतात, आणि येथेच चुकतात. ही गाळणी म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचा घड्या घातलेला कागद. मोठ्या कणांना हवेबरोबर वळता येत नाही, ते तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि तंतूंना चिकटतात. निसटण्याची संधी जास्त ती मधल्यांना, म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना. म्हणून परीक्षा याच आकारावर घेतात, आणि तेथेही १०,००० पैकी ९,९९७ कण अडावे लागतात.

सर्वांत घातक विषाणूंसाठीची प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २०१२ मध्ये उभी राहिली. अशा प्रयोगशाळांतून नळीने हवा पुरवलेला अंगभर पोशाख वापरतात. त्यात मात्र दाब खोलीपेक्षा जास्त असतो. कारण उघड आहे : पोशाख कुठे फाटलाच, तर हवा बाहेर जावी, आत येऊ नये.