पन्हाळ्याची ती रात्र गेममध्ये कधी येणार?

२०१७ साली आलेल्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ या गेममध्ये आपला पश्चिम घाट आहे. चिखलातून धावणारी जीप, धबधबे, रानात हरवलेली होयसळांची नगरं, गणपतीचा दंत शोधत निघालेली नायिका. हे सगळं रचलं कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग या कंपनीने. त्याआधी २००९ मध्येच एका ब्रिटिश कंपनीच्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येत होतं. त्या गेममधली मोठी मोहीम सुरू होते १७०० सालापासून, म्हणजे महाराणी ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धच्या लढ्याची सूत्रं हाती घेतली नेमक्या त्या वर्षापासून. ज्यांनी पुढे करवीरची गादी उभी केली, त्यांचा काळ इंग्लंडमधल्या माणसांना खेळण्याजोगा वाटला. तो आपल्याला अजून तसा का वाटत नाही?

खेळणारी पोरं आपल्याकडे कमी आहेत असं तर मुळीच नाही. ‘पब्जी मोबाइल’ २०१८ मध्ये आला आणि दोन वर्षांत कोल्हापूरच्या पेठांपासून शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली, पुढच्या जुलैत तोच गेम ‘बीजीएमआय’ या नावाने परत आला. या प्रकाराला बॅटल रॉयल म्हणतात. शंभरएक जण एका बेटावर उतरतात, हाताला लागतील ती शस्त्रं गोळा करतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. गेम फुकट असतो, कमाई होते ती कपडे आणि बंदुकांच्या रंगरूपावर. बंदी आली तेव्हा देशी पर्यायांची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ आला, ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यातल्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ आणला. ‘इंडस’ दिसायला देखणा आहे, त्यातली भविष्यातली भारतीय नगरं मन लावून रंगवलेली आहेत. तरी खाली सांगाडा बॅटल रॉयलचाच आहे. साचा दुसऱ्याचा आणि पेहराव आपला, एवढ्याने गेम आपला होत नाही. शिवाय एकूणच ऑनलाइन लढतींच्या गेममध्ये आता मोठेमोठेही आपटताहेत. सोनीसारख्या बलाढ्य कंपनीने २३ ऑगस्ट २०२४ ला ‘कॉन्कॉर्ड’ हा असाच गेम बाजारात आणला आणि ६ सप्टेंबरला तो बंद करून लोकांचे पैसे परत केले. जे गेम लोकांनी वर्षानुवर्षं रोज खेळावेत म्हणून बनवले जातात, त्यांची स्पर्धा खेळणाऱ्याच्या चोवीस तासांशी असते, आणि ते चोवीस तास आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला काय घडतंय ते बघा. चीनच्या गेम सायन्स कंपनीने आपल्या जुन्या वानरराजाच्या कथेवर ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ काढला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्यातली बहुतेक देवळं शान्शी प्रांतातली खरीखुरी देवळं आहेत, आणि ती बघायला लोक तिकडे जाऊ लागले. चेक देशातल्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ची सुरुवात होते १४०३ सालच्या एका खेड्यात, एका लोहाराच्या मुलापासून. २०१४ मध्ये अनोळखी खेळाडूंनी वर्गणी काढून त्याला हातभार लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्याच दिवशी दहा लाख प्रती गेल्या. मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते त्सुशिमाचं उदाहरण. मंगोलांनी तेराव्या शतकात या जपानी बेटावर स्वारी केली. त्या स्वारीवरचा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा गेम जुलै २०२० मध्ये आला. त्याच सप्टेंबरात वादळाने बेटावरच्या वाताझुमी देवळाची कमान कोसळली. पुजाऱ्याने ती पुन्हा उभारायला ५० लाख येन मागितले, आणि खेळाडूंच्या मदतीने २ कोटी ७० लाखांच्या वर जमले. देणाऱ्यांतल्या कित्येकांनी ते बेट डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. पडद्यावर तिथून घोडा दौडवला होता, एवढंच त्यांचं नातं.

आता पन्हाळ्याकडे वळू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत पन्हाळा आहे. १६६० च्या मार्चपासून आदिलशाही सेनानी सिद्दी जौहरने या गडाला वेढा घातला आणि पाऊस सुरू झाला तरी ढिला पडू दिला नाही. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफगोळे पुरवले. जुलैतल्या एका रात्री शिवाजी महाराज बाहेर पडले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशिद बसले, पकडले गेले आणि मारले गेले. मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे धावपळ, घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांची फळी, आणि महाराज पोचल्याचा तोफेचा आवाज विशाळगडावरून येईपर्यंत टिकून राहणं. ही गोष्ट आपण पोवाड्यातून ऐकली, शाळेत वाचली, सिनेमात पाहिली. या सगळ्यांत आपण बाहेरून बघणारे असतो. धुक्यात पाच हातांवरचं दिसत नसताना पाय कुठे टाकायचा, मशाल पेटवली तर वाट दिसेल पण चौकीवाल्यालाही आपण दिसू, पालखी टेकवून दम घ्यावा तर मागची टापांची चाहूल जवळ येते, हे निर्णय वाचणाऱ्याला घ्यावे लागत नाहीत. गेममध्ये ते घ्यावेच लागतात. या माध्यमाची खरी ताकद ती.

शस्त्राचंच घ्या. कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यात दांडपट्टा फिरताना नीट पाहिला तर त्यात एका गेमचा अख्खा नियमच दडलेला दिसतो. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबळ्याच्या आत असते आणि हात जवळपास कोपरापर्यंत त्यात जातो. मनगट वळवायला जागाच राहत नाही. म्हणून वार मनगटातून निघत नाही, तो खांद्यातून आणि कमरेतून निघतो. पातं लांब आणि लवचीक, एकदा सुटलं की मध्येच थांबवता येत नाही, त्याचा घेर पुरा होऊ द्यावा लागतो. मोकळ्या पठारावर पाच जणांना दूर ठेवणारं हे शस्त्र अरुंद खिंडीत, शेजारी आपलाच गडी उभा असताना, वेगळ्या हिशेबाने चालवावं लागणार. जपानी तलवारीसाठी रचलेल्या हालचाली उचलून हे साधणार नाही. वस्तादाला समोर उभं करून, त्याचे पवित्रे टिपूनच ते करावं लागेल, आणि तो वस्ताद आपल्या पेठेतच आहे.

पहिला आक्षेप येईल तो महाराजांचा. त्यांना बटणं दाबून चालवायचं काय, चुकलं तर त्यांना मरताना दाखवायचं काय? हा आक्षेप रास्त आहे. पण त्सुशिमाच्या नायकाला इतिहासात नाव नाही, चेक गेमचा नायक लोहाराचा पोर आहे. आपल्या गेममध्ये खेळणारा पालखीचा भोई असू दे. पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर, आत महाराज, त्यांचा आवाज मधूनच ऐकू येणार, एवढंच. लढाईपेक्षा वाट चालणं जास्त, आणि ते ओझं हातातल्या कंट्रोलरमधून जाणवणारं. दुसरी भीती अशी की असा गेम द्वेष पेरेल. विशाळगडाच्या पायथ्याशी जुलै २०२४ मध्ये जो धार्मिक हिंसाचार झाला तो पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. त्याला उत्तर इतिहासच देतो. सिद्दी जौहर कसलेला सेनानी होता, आणि विशाळगडाच्या वाटेवर महाराजांना अडवायला सुर्वे आणि दळवी हे मराठा सरदारही उभे होते. हे जसंच्या तसं दाखवलं तर लढाई दोन राजसत्तांची आहे हे खेळणाऱ्याला आपोआप कळतं.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. गेम म्हणजे व्यसन, गेम म्हणजे ऑनलाइन रमीत बुडालेले पैसे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा फरक घराघरांत पोचायला हवा. पाच-सहा तासांत संपणारा, एकदाच पैसे देऊन घ्यायचा गेम हा पुस्तकाच्या जातीचा आहे, जुगाराच्या नव्हे.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि तो खरा अवघड आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. राजी नावाची मुलगी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, पहाडी चित्रशैलीचे रंग. २०१७ मध्ये त्यासाठी काढलेली वर्गणी अपुरी पडली. तरी मंडळींनी हार मानली नाही. २०२० मध्ये गेम आला आणि अमेरिकेतल्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या जेमतेम तीसेक जणांच्या मूळ चमूने बाहेरच्या काही हातांच्या मदतीने केलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३’ २०२५ चा सर्वोत्तम गेम ठरला. लहान चमू हे करू शकतो, पण पहिली दोन-तीन वर्षं त्याला कुणीतरी तगवावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, मुंबईत त्यासाठी संस्थाही उभी राहते आहे. मराठी चित्रपटाला सरकार दर्जा पाहून अनुदान देतं. तसंच अनुदान मराठी गेमला का नको? मोठ्या कंपन्यांसाठी जमिनी आणि सवलती एवढ्यावरच धोरण थांबलं, तर आपण परदेशी गेमची झाडं आणि दगड रंगवून देणारे कामगार राहू.

कोल्हापूरने असं धाडस याआधी एकदा केलं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून बाबूराव आणि आनंदराव पेंटर झपाटले तेव्हा कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा नव्हता. त्यांनी तो स्वतः घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, बाबूरावांनी मिस्त्रीला हाताशी धरून काम पुरं केलं, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ पुण्यात झळकली. आज त्या मानाने काम सोपं आहे. गेम बनवायचं सॉफ्टवेअर सुरुवातीला फुकट मिळतं. शहरात कलामहाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकीची पोरं आहेत, शिवाजी विद्यापीठात इतिहासाचे अभ्यासक आहेत, आणि दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही वाट भर पावसात चालणारे शेकडो जण आहेत. कुठे जळवा लागतात, कुठे ओढा अडवतो, कुठल्या वळणावर वारा अंगावर येतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. एक रात्र, एक वाट, दहा-बारा माणसं आणि दोन वर्षं, एवढ्यात पहिला गेम होतो. सुरुवातीला तो पन्हाळ्यावरच्या अंधारबावडीच्या पायऱ्यांपाशी सुरू होऊन मसाईच्या पठारावर संपला तरी चालेल.