साडेपाच वर्षांचे अजिंक्यपद

क्रीडाविश्वात विक्रम पुष्कळ होतात. पण प्रतिस्पर्ध्यांना पराभव गृहीत धरूनच मैदानात उतरावे लागावे, असे वर्चस्व फार थोड्यांच्या वाट्याला येते. पाकिस्तानचा स्क्वॉशपटू जहांगीर खान एप्रिल १९८१ मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या जेफ हंटकडून हरला. त्यानंतर तो हरला तो थेट नोव्हेंबर १९८६ मध्ये, फ्रान्समधील तुलूझ येथे. या साडेपाच वर्षांत त्याने सलग ५५५ सामने जिंकले, असे सर्वत्र सांगितले जाते. कोणते सामने धरावेत आणि कोणते वगळावेत, यावर जाणकारांत वाद आहे. साडेपाच वर्षांचा काळ मात्र वादातीत आहे.

असे यश दिसले की आपण ‘दैवी देणगी’ हा शब्द सहज वापरून मोकळे होतो. जहांगीरच्या बाबतीत हा शब्द विशेष फसवा आहे. १० डिसेंबर १९६३ रोजी कराचीत जन्मलेला हा मुलगा लहानपणी अत्यंत अशक्त होता. हर्नियाच्या दोन शस्त्रक्रिया त्याला बालवयातच सोसाव्या लागल्या. दमछाक होईल असा कोणताही खेळ त्याने खेळू नये, असा डॉक्टरांचा सल्ला होता. तरीही हाच मुलगा पुढे जगातला सर्वाधिक दमदार खेळाडू ठरला. हे कसे घडले, हाच त्याच्या कारकिर्दीतला खरा प्रश्न आहे.

नवाकिल्ल्याचा वारसा

जहांगीरच्या घराण्याचे मूळ पेशावरजवळच्या नवाकिल्ले या छोट्याशा गावात आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी पेशावरच्या आपल्या क्लबात स्क्वॉशची कोर्टे बांधली होती आणि गावातली पठाण मुले तेथे चेंडू आणून देण्याचे काम करीत. साहेबमंडळी विश्रांतीला गेली, की ही मुले अनवाणी पायांनी कोर्टात उतरत. त्यांच्यापैकीच एक हाशिम खान.

या परंपरेचा एक धागा मुंबईशीही जोडलेला आहे. १९४४ साली हाशिमने मुंबईत अखिल भारतीय अजिंक्यपद पटकावले, ते अब्दुल बारी या आपल्या नातलगाला हरवून. फाळणीनंतर बारी भारतात राहिला आणि १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. तेथे इजिप्तच्या महमूद करीमने त्याला हरवले. ज्याला आपण मुंबईत हरवले तो एवढी मजल मारतो, तर हाशिम काय करील, हा विचार पाकिस्तानात होणे स्वाभाविकच होते. १९५१ मध्ये तिशी केव्हाच ओलांडलेला हाशिम इंग्लंडला गेला आणि त्याच करीमला नमवून विजेता ठरला. पुढे त्याने ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकली. हाशिम, त्याचा भाऊ आझम, नातलग रोशन आणि मोहिबुल्ला अशा चौघांनी मिळून १९५१ ते १९६३ अशी सलग १३ वर्षे ब्रिटिश ओपनचे विजेतेपद नवाकिल्ल्याबाहेर जाऊ दिले नाही. १९५७ चा विजेता रोशन खान हा जहांगीरचा पिता.

मुलाच्या हाती रॅकेट येणे हे अशा घरात क्रमप्राप्तच होते. तरी १९७९ साली ऑस्ट्रेलियातील जागतिक हौशी स्पर्धेसाठी पाकिस्तानच्या निवड समितीने त्याचा विचार केला नाही. नुकताच आजारातून उठलेला हा पोरगा काय खेळणार, असा त्यांचा हिशेब होता. जहांगीरने वैयक्तिक स्पर्धेत स्वतःच नाव नोंदविले, पात्रता फेरीपासून सुरुवात केली आणि वयाच्या पंधराव्या वर्षी तो जागतिक हौशी विजेता झाला. त्यापूर्वी इतक्या कोवळ्या वयात हे पद कोणालाही मिळाले नव्हते.

आघात आणि निश्चय

या आनंदाचे आयुष्य काही आठवड्यांचेच ठरले. जहांगीरचा थोरला भाऊ तोरसम हा स्वतः उत्तम व्यावसायिक खेळाडू होता आणि धाकट्या भावाला घडविण्याचा ध्यास त्याने घेतला होता. नोव्हेंबर १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे सामना खेळत असतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचे निधन झाले. जहांगीरने खेळ सोडून देण्याचा विचार केला. अखेर, आपण जगज्जेते व्हावे हे भावाचे स्वप्न होते, ते पुरे करायचे, या निश्चयाने तो परतला.

त्या वेळी चुलतभाऊ रहमत खान त्याच्या मदतीला आला. रहमत स्वतः व्यावसायिक खेळाडू होता. त्याने आपली कारकीर्द बाजूला ठेवून जहांगीरचे प्रशिक्षण हाती घेतले आणि त्याला लंडनमध्ये स्वतःजवळ ठेवून घेतले. लांब पल्ल्याची धाव, त्यानंतर वेगाच्या छोट्या दौडी, व्यायामशाळा, पोहणे आणि मग कोर्टावरचे तास, असा दिनक्रम सुरू झाला. हा क्रम स्पर्धा जवळ आली म्हणून वाढत नसे आणि स्पर्धा जिंकली म्हणून कमीही होत नसे. दोन वर्षांच्या आत, नोव्हेंबर १९८१ मध्ये, टोरांटो येथील वर्ल्ड ओपनच्या अंतिम फेरीत जहांगीरने हंटला हरविले. पहिला गेम गमावल्यावर पुढच्या तीन गेममध्ये मिळून त्याने हंटला केवळ पाच गुण दिले. तेव्हा तो १७ वर्षांचा होता.

दमसासाचे गणित

जहांगीरचे वर्चस्व समजून घ्यायचे, तर त्या काळची गुणपद्धती ध्यानात घ्यावी लागते. सुमारे पावणेदहा मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद अशा बंदिस्त कोर्टात दोघे खेळाडू एकाच बाजूला, एकमेकांना चुकवीत खेळतात. त्या पद्धतीत सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे; दुसऱ्याने रॅली जिंकली तर त्याला केवळ सर्व्हिसचा हक्क मिळे. गेम नऊ गुणांचा असला, तरी गुणफलक न हलता रॅलीवर रॅली होत राहत. अशा खेळात एखाद्या फटक्याच्या चमकेपेक्षा दमसास मोलाचा ठरे. जहांगीर चेंडू भिंतीलगत, खोल आणि वेगाने मारीत राही; कोर्टाच्या मध्यावरची जागा सोडत नसे आणि प्रतिस्पर्ध्याला चारही कोपऱ्यांत धावायला लावी. समोरचा दमला की मग पुढच्या भिंतीलगत अलगद ड्रॉप पडे.

याचे टोकाचे उदाहरण १९८३ मधले. इंग्लंडमधील चिचेस्टर येथे इजिप्तच्या गमाल अवादविरुद्धचा त्याचा सामना २ तास ४६ मिनिटे चालला. त्यातला पहिला गेमच १ तास ११ मिनिटांचा होता आणि तो अवादने १०-९ असा जिंकला. त्यासाठी त्याने आपली सारी शक्ती खर्ची घातली. पुढचे तीन गेम जहांगीरने ९-५, ९-७, ९-२ असे घेतले. गेम जिंकूनही सामना हातचा जातो, हे त्या दिवशी प्रेक्षकांनी पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेची एक स्पर्धा त्याने एकही गुण न गमावता जिंकली होती.

आव्हाने संपली असे वाटू लागले तेव्हा तो उत्तर अमेरिकेत वळला. तेथे त्या काळी कठीण चेंडूने, अरुंद कोर्टावर, निराळ्या नियमांनी स्क्वॉश खेळला जाई. १९८३ ते १९८६ या काळात त्या प्रकारातल्या १३ प्रमुख स्पर्धांपैकी १२ त्याने जिंकल्या. अमेरिकेचा अव्वल खेळाडू मार्क टॅलबट याला त्याच्याविरुद्धच्या ११ अंतिम सामन्यांत एकदाच विजय मिळाला. हा खेळच वेगळा असल्याने तो पराभव विजयमालिकेत धरला जात नाही.

हरल्यानंतर

ही मालिका खंडित केली ती न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने. १९८३ मध्ये पॅराशूट उडीच्या अपघातात त्याचा गुडघा जबर दुखावला होता आणि त्याची कारकीर्दच संपते की काय, अशी स्थिती होती. त्यातून सावरून तो पुन्हा उभा राहिला. जहांगीरकडून पुनःपुन्हा हरूनही, एक दिवस हा किंचित कमी पडेल आणि त्या दिवशी आपण तयार असले पाहिजे, एवढ्या एका विचारावर तो खेळत राहिला. तो दिवस तुलूझच्या वर्ल्ड ओपनच्या अंतिम फेरीत उगवला. ९-५, ९-७, ७-९, ९-१ असा नॉर्मन जिंकला. म्हणजे जहांगीरला हरविले तेही त्याच्याच शस्त्राने, चिकाटीने.

अजिंक्य माणसाची खरी परीक्षा तो हरल्यावर होते. जहांगीरची तर लागलीच झाली. १९८७ मध्ये जान्शेर खान हा आणखी एक तरुण नवाकिल्ल्यातूनच पुढे आला आणि त्याने जहांगीरला सलग आठ सामन्यांत हरविले. अनेकांनी जहांगीरचे पर्व संपल्याचे मानले. मात्र १९८८ मध्ये त्याने ही साखळी तोडली आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे जान्शेरलाच नमवून सहाव्यांदा वर्ल्ड ओपन जिंकली. या दोघांत एकूण ३७ सामने झाले. १९ जान्शेरने आणि १८ जहांगीरने जिंकले. ज्या ब्रिटिश ओपनमध्ये १९८१ साली तो हरला होता, ती त्याने १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वेळा जिंकली. यातली निम्मी विजेतेपदे तुलूझच्या पराभवानंतरची आहेत. आपण हरू शकतो हे कळल्यावरही तीच पहाटेची धाव, तोच सराव चालू ठेवणे हे साडेपाच वर्षे न हरण्याइतकेच अवघड असले पाहिजे.

१९९३ मध्ये कराचीत पाकिस्तानने जागतिक सांघिक विजेतेपद मिळविले आणि त्यानंतर जहांगीरने निवृत्ती घेतली. जान्शेरने आणखी काही वर्षे पाकिस्तानचा झेंडा फडकत ठेवला. पण १९९६ ची वर्ल्ड ओपन आणि १९९७ ची ब्रिटिश ओपन ही त्याची अखेरची मोठी यशे ठरली. त्यानंतर एकाही पाकिस्तानी पुरुष खेळाडूला या दोन स्पर्धा जिंकता आलेल्या नाहीत. आता या खेळावर इजिप्तचे वर्चस्व आहे. ही घसरण जहांगीरच्या कथेवर वेगळा प्रकाश टाकते. त्याला घडविले ते कुटुंबाने: वडिलांचा वारसा, भावाचे स्वप्न, आणि चुलतभावाने केलेला स्वतःच्या कारकिर्दीचा त्याग. हे सारे एका घरात जुळून आले म्हणून एक जहांगीर झाला. घराणे जे देऊ शकते ते टिकवायला आणि गावाबाहेरच्या मुलांपर्यंत पोहोचवायला संस्था लागतात. त्या तितक्या भक्कम उभ्या राहिल्या नाहीत.

जहांगीरला हे उमगले असावे. निवृत्तीनंतर तो प्रशासनात आला आणि २००२ ते २००८ या काळात जागतिक स्क्वॉश महासंघाचा अध्यक्ष होता. ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉशला स्थान मिळावे, हा त्याचा मोठा आग्रह. २००५ मध्ये सिंगापूर येथे ही संधी हुकली. आवश्यक दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत. त्यानंतरही नकार येतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉशचा समावेश मंजूर केला. हा निर्णय झाला मुंबईत. ज्या शहरात ७९ वर्षांपूर्वी नवाकिल्ल्याचा हाशिम पहिल्यांदा मोठे अजिंक्यपद जिंकला होता, त्याच शहरात. जहांगीरच्या नावापुढे ऑलिम्पिक पदक कधीच लागणार नाही. परंतु डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलेल्या त्या मुलाने या खेळात दमसासाचे जे माप घालून दिले, त्याच्याशीच उद्याच्या पदकविजेत्यांची तुलना होणार आहे.