डॉलरच्या देशात काटकसर

भारतातून नुकतेच आलेले कुटुंब पहिले काही महिने दुकानात कसे वागते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. फ्लॉवरचा गड्डा हातात घ्यायचा, किंमत वाचायची, मनातल्या मनात रुपयांनी गुणायचे आणि गड्डा गुपचूप जागेवर ठेवून द्यायचा! पुढे दोन-तीन वर्षांत हा गुणाकार सुटतो. मग गाडी दुसऱ्या टोकाला जाते. सेलची पाटी दिसली की कार्ट भरलीच म्हणून समजा. घरी येऊन पाहावे, तर कोथिंबिरीच्या चार जुड्यांपैकी तीन फ्रीजमध्ये काळ्या पडलेल्या.

या दोन टोकांच्या मधल्या वागण्याला आपल्या आया-आज्ज्या काटकसर म्हणत. आज आपल्या मंडळात अशी अनेक तरुण जोडपी आहेत, की दोघांपैकी एकालाच नोकरीची परवानगी आहे. एका पगारात भाडे, गाडीचा विमा, मुलांचे डेकेअर आणि आई-वडिलांची तिकिटे बसवायची म्हणजे गंमत नाही. म्हणून आम्ही दोघांनी आपल्या घरातल्या आणि मंडळातल्या जुन्या मंडळींच्या काही उपयोगी सवयी इथे एकत्र केल्या आहेत.

वाचवलेला डॉलर मोठा

आधी एक छोटा हिशेब. पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले जातात. त्यात तुम्ही केंद्रीय आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर जादा कमावलेल्या प्रत्येक शंभरातले सत्तरच डॉलर हातात पडतात, आणि राज्याचा कर वेगळाच. म्हणजे शंभर डॉलर हातात यायला सुमारे १४२ डॉलर कमवावे लागतात. खर्चातून वाचवलेले शंभर मात्र पुरते शंभर असतात. "एवढ्याशा पैशांसाठी कशाला डोकं शिणवायचं?" असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

लेबलावरचा बारीक आकडा

सुपरमार्केटच्या शेल्फवर किमतीच्या लेबलाच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा छापलेला असतो: दर औंसाला किंवा दर पौंडाला किती. काही राज्यांत तो कायद्याने द्यावा लागतो, इतरत्र बरीच दुकाने आपणहून देतात. पिवळ्याधमक सेलच्या पाटीपेक्षा हा आकडा जास्त खरे बोलतो. मोठा डबा नेहमी स्वस्त पडतो हा आपला समज तो बऱ्याचदा खोटा पाडतो. फक्त एक बघायचे. एका लेबलावर औंसाचा भाव आणि शेजारच्यावर पौंडाचा असे कधीकधी असते. एक पौंड म्हणजे १६ औंस, म्हणजेच ४५४ ग्रॅम, हे पाठच करून ठेवावे.

"दोन घ्या, पाच डॉलर" अशी पाटी असेल, तर बहुतेक दुकानांत एकच घेतले तरी ते अडीच डॉलरना मिळते. दोन घेणे सक्तीचे असेल तर तसे पाटीवर लिहिलेले असते. सेलचा माल संपला असेल तर काउंटरवर 'रेन चेक' मागावा. माल आल्यावर त्याच भावात देण्याची ती चिठ्ठी असते. मागायला संकोच कसला?

देशी दुकान की सुपरमार्केट?

मसाल्यांच्या बाबतीत वादच नाही. समजा, सुपरमार्केटात दीड औंस जिऱ्याची काचेची बाटली ३ डॉलर ९० सेंटना आहे आणि देशी दुकानात १४ औंसांची पिशवी ७ डॉलरना. बाटलीतले जिरे औंसाला २ डॉलर ६० सेंट पडले आणि पिशवीतले ५० सेंट! हळद, धने, मोहरी यांनाही हेच लागू.

पण देशी दुकान २५ मैलांवर असेल तर? आयकर खात्याने २०२५ सालासाठी धंद्याच्या प्रवासाचा दर मैलाला ७० सेंट धरला होता. त्यात पेट्रोल, विमा, गाडीची झीज सगळे आले. त्या हिशेबाने जाऊन-येऊन ५० मैलांचे ३५ डॉलर झाले. फक्त कढीपत्ता आणि आल्यासाठी एवढी धाव परवडत नाही. महिन्यातून एकदा यादी करून जावे, मंडळाच्या कार्यक्रमाला किंवा देवळात जाणार असू तेव्हाच ते काम उरकावे. शेजारची दोन घरे मिळून गेली तर उत्तमच. वीस पौंड तांदूळ किंवा मोठी तूरडाळ वाटून घेता येते. डाळीला कीड लागून अर्धी टाकावी लागली, तर घाऊक भावाचा फायदा गेला कुठे? रवा, बेसन आणि कणीक यांचा जादा साठा फ्रीझरमध्ये ठेवावा.

तूप मात्र घरीच कढवावे. थँक्सगिव्हिंग ते नाताळ हे बेकिंगचे दिवस असल्याने बिनमिठाचे बटर त्या काळात बऱ्याच दुकानांत सेलवर येते आणि फ्रीझरमध्ये काही महिने छान राहते. या देशाच्या कायद्याप्रमाणे बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असावाच लागतो. म्हणजे एका पौंडातून साधारण बारा औंस तूप निघते. वर घरभर दरवळ आणि मुलांना साखर घालून बेरी! दह्याचेही तसेच. हिवाळ्यात दही लागत नाही अशी तक्रार असेल तर विरजण लावलेले भांडे ओव्हनमध्ये ठेवावे. ओव्हन बंद आणि आतला दिवा चालू, एवढी ऊब पुरते.

तारखांची भीती

'सेल बाय', 'बेस्ट बाय' या तारखा पाहून आपल्याकडे चांगले अन्न टाकले जाते. केंद्रीय कायद्याने अशी तारीख फक्त तान्ह्या बाळांच्या फॉर्म्युलावर बंधनकारक आहे आणि ती काटेकोर पाळावी. बाकी बहुतेक पदार्थांवरची तारीख उत्पादक चवीच्या आणि ताजेपणाच्या अंदाजाने घालतात. कोरडी डाळ 'बेस्ट बाय' उलटल्यावर फार तर शिजायला जास्त वेळ घेते. दूध, मांस, शिजवलेले अन्न यांच्या बाबतीत मात्र नाक आणि अक्कल दोन्ही वापरावी.

औषधाच्या दुकानात

भारतातून आलेल्या आई-बाबांना इथे 'पॅरासिटामॉल' सापडत नाही, कारण इथे त्याचे नाव आहे असिटामिनोफेन. प्रसिद्ध ब्रँडच्या शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या नावाची बाटली असते. औषध तेच, प्रमाण तेच, किंमत कमी. मात्र सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही असिटामिनोफेन असते, तेव्हा दुप्पट डोस पोटात जात नाही ना, हे वाचून घ्यावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांतही जेनेरिक आहे का हे विचारावे. १९८४ च्या कायद्याने जेनेरिक औषधांचा मार्ग इथे सोपा झाला. त्यांतली कितीतरी आपल्या भारतातल्याच कारखान्यांतून येतात!

कार्ड: नोकर चांगला, मालक वाईट

दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल तर क्रेडिट कार्ड ही सोय आहे. नाहीतर सेलमध्ये मिळालेली सगळी सूट व्याजात जाते. बावीस टक्के व्याजाने २,००० डॉलरची थकबाकी वर्षभर तशीच राहिली, तर ४४० डॉलर नुसते व्याज. २००९ च्या कायद्यामुळे फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे बिलावर छापावे लागते. ती चौकट एकदा वाचाच.

फर्निचरच्या दुकानातल्या "बारा महिने व्याज नाही" या योजनांची अट नीट तपासावी. अनेक योजनांत मुदतीनंतर थोडी जरी रक्कम उरली, तरी पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागते.

भारताचा खर्च

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा मोठा खर्च इथेच होतो. तिकीट प्रवासाच्या किमान सात दिवस आधी थेट विमान कंपनीकडून घेतले, तर २४ तास भाव धरून ठेवणे किंवा २४ तासांत फुकट रद्द करणे, यांपैकी एक सवलत कंपनीला द्यावीच लागते. आधी जागा पकडा, मग भारतात फोन करून लग्नाची तारीख पक्की करून घ्या.

पैसे पाठवताना 'फी शून्य' या शब्दांवर जाऊ नये, रुपयाचा भाव बघावा. डॉलरमागे ५० पैसे कमी मिळाले, तरी १,००० डॉलरमागे ५०० रुपये गेले. पैसे तिकडे जमा झाले नसतील तर साधारणपणे अर्ध्या तासात व्यवहार रद्द करता येतो. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून रोख किंवा मनीऑर्डर देऊन परदेशी पैसे पाठवल्यास एक टक्का कर लागतो. इथल्या बँक खात्यातून किंवा इथल्या कार्डावरून पाठवल्यास लागत नाही.

इथे हात आखडू नये

आई-वडील येणार असतील, तर त्यांच्या आरोग्य विम्यात काटकसर करू नका. स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच मिळते आणि उरलेले हॉस्पिटलचे बिल आपल्या गळ्यात पडते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी महाग दिसते, पण जन्मभराची बचत एका रात्रीत जाण्याची वेळ ती टाळू शकते. जुन्या आजारांबाबत काय अटी आहेत, हे आधी वाचावे. लहान मुलांची कार सीट, गाडीचे टायर, ब्रेक हेही याच यादीतले.

शेवटी मुलांविषयी. "आपल्याला परवडत नाही" असे सारखे ऐकवले की मुले हिरमुसतात. त्यापेक्षा वीस डॉलर आणि छोटी यादी मुलीच्या हातात द्या, औंसाचा भाव तिलाच शोधू द्या, आणि उरलेले पैसे तिच्या डब्यात टाकू द्या. भागाकारही पक्का होतो आणि वाणसामानाचा व्यवहारही कळतो.

तुमच्या घरीही अशा युक्त्या असतीलच. पुढच्या अंकासाठी त्या जरूर लिहून पाठवा. नव्याने संसार मांडणाऱ्यांना त्यांचा आधार वाटेल.