थंडीत गुदमरणारं स्वादुपिंड

मेंदूमृत दात्याच्या शरीरातून काढलेलं मूत्रपिंड बर्फाच्या पेटीत दिवसभर तग धरतं. स्वादुपिंडाला तेवढी सवड नसते. अन्न पचवणारी विकरं याच अवयवात तयार होतात, आणि रक्तपुरवठा तुटला की ती त्यालाच पचवू लागतात. त्यातली इन्शुलिन बनवणारी द्वीपकं वेगळी काढायची असतील, तर साधारण आठ ते बारा तासांत प्रयोगशाळा गाठावी लागते. द्वीपक-प्रत्यारोपणाची चर्चा होते ती बहुतेक औषधांची. यशापयश मात्र पुष्कळदा त्या पेटीतच ठरून गेलेलं असतं.

ही द्वीपकं 1869 मध्ये बर्लिनच्या पाउल लँगरहॅन्स या तरुण विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात प्रथम वर्णिली. एका स्वादुपिंडात ती सुमारे दहा लाख असतात, तरी सगळी गोळा केली तर चहाच्या चमच्यात मावतील. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांतल्या बीटा पेशी मारून टाकते. मग पूर्ण अवयव बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करण्यापेक्षा फक्त द्वीपकंच का देऊ नयेत, या विचारातून सेंट लुइसमध्ये पॉल लेसी यांनी 1960 च्या दशकात ती विकरानं सुटी करण्याची पद्धत बसवली. 1988 मध्ये कॅमिलो रिकॉर्डी यांनी तिला यंत्राची जोड दिली.

आजही काम त्याच रीतीनं चालतं. स्वादुपिंडाच्या नलिकेतून कोलॅजिनेज हे विकर आत सोडतात, अवयवाचे तुकडे करून बंद कक्षात घालतात. आत गोट्या असतात, 37 अंशांचं द्रावण फिरत राहतं, कक्ष सतत हलवतात. मधूनमधून थेंबभर नमुना काढून त्यात डायथिझोन टाकतात. द्वीपकांत जस्त असल्यामुळे तेवढीच लाल होतात. लाल ठिपके भोवतालच्या ऊतीपासून सुटे दिसले की लगेच सगळं थंड करून विकर विरळ करायचं. उशीर झाला तर द्वीपकंच फुटतात. हाती आलेली द्वीपकं पिशवीत भरून यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिका शिरेत सलाइनसारखी सोडतात. ती यकृतातच रुजतात.

जुलै 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या जेम्स शॅपिरो यांच्या गटानं सात रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. सातही जणांचं इन्शुलिन सुटलं होतं. स्टेरॉइड टाळणारी औषधयोजना गाजली, पण प्रत्येकाला किमान दोन दात्यांची द्वीपकं लागली होती, हेही त्याच अहवालात होतं. 2006 मध्ये नऊ केंद्रांतल्या 36 रुग्णांचा निकाल आला, तेव्हा वर्षानंतर इन्शुलिनविना राहणारे 16 जण होते. दाते मुळात कमी, त्यात एका रुग्णामागे दोन-तीन. म्हणून पेटीत वाया जाणारं प्रत्येक द्वीपक महत्त्वाचं ठरलं.

दोन थरांची आशा

अवयव थंड केला की त्याची भूक कमी होते, पण पेशीपटलातले सोडियमचे पंपही मंदावतात. सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी 1980 च्या दशकात यावर द्रावण तयार केलं. त्यातले लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज पाणी बाहेर रोखतात. पूर्ण अवयवासाठी ते वरदान ठरलं. द्वीपकांच्या बाबतीत मात्र ते कोलॅजिनेजच्याच कामात अडथळा आणतं.

शिवाय भूक कमी झाली तरी संपत नाही. ऑक्सिजन लागतोच. जपानमधल्या कोबे विद्यापीठात योशिकाझू कुरोदा यांनी 1988 मध्ये यावर देखणा तोडगा काढला. परफ्लुओरोकार्बन हा द्रव पाण्याहून बराच जड असतो आणि त्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो. भांड्याच्या तळाशी ऑक्सिजन भरलेला हा द्रव, वर साठवणीचं द्रावण, आणि दोहोंच्या सीमेवर तरंगणारं स्वादुपिंड. कुत्र्यांवर ही पद्धत यशस्वी झाली. 2000 नंतर उत्तर अमेरिकेतल्या केंद्रांनी ती उचलली. एरवी नाकारले गेले असते अशा अवयवांतूनही चांगली द्वीपकं मिळाल्याचे अहवाल आले.

पुढे एडमंटन आणि युरोपातल्या गटांनी शेकडो स्वादुपिंडांचे हिशेब मांडले, तेव्हा दोन थरांच्या आणि साध्या साठवणीच्या निकालांत म्हणावा असा फरक निघाला नाही. कारण सरळ होतं. क्लायर्कोस पापास आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरून भिनणारा ऑक्सिजन ऊतीत जेमतेम एक मिलिमीटर आत जातो. माणसाचं स्वादुपिंड कुत्र्याच्या स्वादुपिंडापेक्षा बरंच जाड, काही ठिकाणी दोन सेंटिमीटर. त्याचा गाभा पहिल्यासारखाच गुदमरत होता.

मग ऑक्सिजन बाहेरून देण्याऐवजी रक्तवाहिन्यांतून द्यायचं ठरलं. ओलसर ऑक्सिजन वायू थेट धमनीतून खेळवण्याचे, तसंच यंत्रानं थंड द्रावण फिरवण्याचे प्रयोग चालू आहेत. अडचण इतकीच की स्वादुपिंड नाजूक असतं. दाब थोडा वाढला की ते सुजतं.

घड्याळ थांबवायचं तर

दुसरी वाट स्वादुपिंड बाजूला ठेवून द्वीपकंच गोठवण्याची. एडमंटनमध्ये रे राजॉट यांनी शॅपिरोंच्या आधीच हे प्रयोग केले होते, पण संथ गोठवणीत बर्फाचे स्फटिक पेशी फोडत. 2022 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटानं नायलॉनच्या बारीक जाळीवर द्वीपकं पसरली, जादा द्रव निथळू दिला आणि ती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. इतक्या वेगानं थंड झाल्यावर बर्फ न होता सगळं काचेसारखं घट्ट होतं. नऊ महिन्यांनीही द्वीपकं जिवंत होती आणि मधुमेही उंदरांची साखर त्यांनी ताळ्यावर आणली. हे माणसात साधलं तर निरनिराळ्या दात्यांची द्वीपकं साठवता येतील, तपासता येतील आणि रुग्णाला सवडीनं एकत्र देता येतील. मूलपेशींपासून बनवलेल्या द्वीपकांनाही हीच साठवण लागेल.

आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या बहुतेकांना टाइप 2 आहे. हा उपचार त्यांच्यासाठी नाही. अमेरिकेनं जून 2023 मध्ये मान्यता दिलेलं दात्यांच्या द्वीपकांचं ‘लँटिड्रा’ हे औषधही टाइप 1 च्या अशाच प्रौढांसाठी आहे, ज्यांची साखर वारंवार धोकादायकरीत्या उतरते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांनाही घ्यावी लागतातच.

दोन थरांच्या पद्धतीचे सुरुवातीचे निकालही उत्साह वाढवणारेच होते. तेव्हा साठवणुकीच्या पुढच्या दाव्याला प्रयोगशाळेत किती पेशी जिवंत राहिल्या एवढंच विचारून भागणार नाही. एका दात्याचं स्वादुपिंड एका रुग्णाला पुरतं का, हे विचारावं लागेल. याचं उत्तर वेगवेगळ्या केंद्रांतून, वारंवार ‘हो’ असं येऊ लागलं, की जतनाचा प्रश्न सुटला असं म्हणता येईल.